घर कुठे करावे? दोऱ्याच्या गाठीला विचारा

भूगोलाच्या तासाला वापरता तो रायगड जिल्ह्याचा नकाशा घ्या आणि टेबलावर पसरा. १९८१ पर्यंत या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. घरातली वडीलधारी माणसे अजूनही कधीकधी ते नाव घेतात. नकाशाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात, पाण्यापलीकडे मुंबई दिसेल. तिच्या जवळजवळ सरळ खाली, समुद्रकाठी, अलिबाग. या दोन ठिपक्यांमधले अंतर पट्टीने मोजा. प्रमाण लावून पाहिलेत तर ते ३० ते ३५ कि.मी. भरेल. पण एस.टी. काही समुद्रावरून जात नाही. ती मुंबईहून आधी पनवेलला येते, मग पेणला, वडखळ नाक्यावर वळते आणि पोयनाडवरून अलिबागेत शिरते. हा झाला सुमारे ११० कि.मी.चा वळसा.

आता आपण एक कुटुंब कल्पू. आई अलिबागला जिल्हा परिषदेच्या कचेरीत नोकरीला. बाबा मुंबईत, फोर्टमध्ये, एका बँकेत. मुलगी सातवीत. आजी पेणला जुन्या घरात राहते आणि ते घर सोडून आपण कुठेही येणार नाही, असे तिने स्वच्छ सांगितले आहे. अशा कुटुंबाने राहायचे कुठे? मुंबईत, पनवेलला, पेणला की अलिबागेत? तुमच्या वर्गातही अशा घरातली मुले असतील. हा प्रश्न घरात चहाबरोबर निघतो आणि बऱ्याचदा चहा निवेपर्यंत आवाज चढलेले असतात. याचे एक कारण असे की प्रत्येक जण मनात वेगळीच गोष्ट मोजत असतो आणि आपण काय मोजतो आहोत हे सांगत मात्र नाही. भांडण मिटवणे हे काही पदार्थविज्ञानाचे काम नव्हे. पण कोण काय मोजतो आहे, हे दोरा, वजने आणि स्प्रिंग घेऊन टेबलावर मांडून दाखवणे त्याला छान जमते.

बेरीज काही बोलत नाही

पहिल्याने समुद्र विसरू आणि फक्त रस्ता घेऊ. ढोबळ आकडे असे धरू: मुंबई ते पनवेल ४५ कि.मी., पनवेल ते पेण ३५, पेण ते अलिबाग ३०. कोणालाही सुचेल अशी पहिली युक्ती म्हणजे दोघांच्या अंतरांची बेरीज कमीत कमी करायची. करून पाहा बरे!

पनवेलला घर घेतले तर बाबांना ४५, आईला ६५, बेरीज ११०. पेणला घेतले तर बाबांना ८०, आईला ३०, बेरीज ११०. अलिबागेत घेतले तर बाबांना ११०, आईला शून्य. बेरीज पुन्हा ११०. मुंबईत घेतले तरी तेच. घर अलिबागच्या दिशेने एक कि.मी. सरकवले की आईचा एक कि.मी. वाचतो आणि बाबांचा एक वाढतो. बेरजेला याची खबरसुद्धा लागत नाही.

सपाट टेबलावर ठेवलेली गोटी आठवा. ती जिथे ठेवाल तिथे राहते. शास्त्रात याला उदासीन समतोल म्हणतात. आपल्या कुटुंबाचे घरही रस्त्यावर कुठेही ठेवा, बेरजेच्या दृष्टीने ते उदासीन समतोलात आहे. म्हणून कोणी तुम्हाला सांगितले की “आम्ही दोघांचा मिळून प्रवास कमीत कमी होईल असे घर घेतले”, तर समजावे की निर्णय दुसऱ्याच कशावरून तरी झाला आहे: भाड्यावरून, पगारावरून किंवा घरात कोणाचा आवाज मोठा यावरून.

उदासीन समतोलातल्या गोटीला हलवायला मात्र फुंकरही पुरते. इथे ती फुंकर आहे आजीची. आई आणि बाबा आठवड्यातून पाच-पाच दिवस कामाला जातात आणि रविवारी एकदा सगळे पेणला जातात, असे धरा. फेऱ्यांची संख्या हे वजन मानले तर मुंबईचे वजन ५, अलिबागचे ५ आणि पेणचे १. आता पनवेलहून पेणकडे घर सरकवू लागा. प्रत्येक कि.मी.ला मुंबईच्या बाजूने ५ वाढतात, पण अलिबाग आणि पेण मिळून ६ कमी होतात. फायदा आहे, पुढे चला. पेण ओलांडले की उलटे होते: ५ वाचतात आणि ६ वाढतात. म्हणजे घर पेणलाच हवे! ज्या आजीचे वजन सर्वांत कमी, तिने निकाल लावला.

आता वजने बदलून पाहू. २०२० नंतर काही कचेऱ्यांनी घरी बसून काम करण्याची सवलत दिली. बाबांना आठवड्यातून दोनच दिवस मुंबईला जायचे आहे, असे धरा आणि आजीला क्षणभर बाजूला ठेवा. वजने झाली २ आणि ५. घर कुठे जाईल? माझे विद्यार्थी इथे हमखास तरफेचा नियम आठवतात आणि सांगतात की अलिबागपासून दोन-सप्तमांश वाटेवर. तसे होत नाही. अलिबागकडे सरकताना प्रत्येक कि.मी.ला ५ वाचतात आणि २ वाढतात. हा हिशेब पहिल्या कि.मी.ला जितका खरा, तितकाच शेवटच्या. तेव्हा घर वाटेत कुठे थांबतच नाही. ते थेट अलिबागेत जाऊन पडते. ५ आणि २ असोत की ५ आणि ४, जड बाजू सगळे ओढून नेते. हलक्या बाजूला थोडेसुद्धा मिळत नाही.

दोरा आणि स्प्रिंग

असे का होते, ते एका खेळण्याने दिसेल. गुळगुळीत टेबलाच्या दोन समोरासमोरच्या कडांवरून एक दोरा सोडा आणि दोन्ही टोकांना वजने बांधा. दोऱ्याच्या मध्यावर एक ठळक गाठ मारा. गाठ म्हणजे घर. वजने सारखी असतील तर गाठ ठेवाल तिथे राहील. एक वजन जरा जड केले की गाठ त्या कडेपर्यंत सरकत जाईल. वजनाने ताणलेल्या दोऱ्याचा गुण असा की दोरा लांब असो वा आखूड, त्याची ओढ तेवढीच राहते. गाठ बाबांपासून १० कि.मी. दूर असो की १००, बाबांचा दोरा तितक्याच बलाने ओढतो. अंतरांची साधी बेरीज जो करतो, तो नकळत असेच मानत असतो: प्रवासाचा तिसरा तास पहिल्या तासाइतकाच जड.

पण खरेच तसे असते का? घरून निघाल्यावर पहिला अर्धा तास कोणालाच जड जात नाही. खिडकी मिळाली तर तो बराही वाटतो. तिसऱ्या तासाला पाठ बोलू लागते, डब्यातले थंड होते, उतरल्यावर बोलायची इच्छा राहत नाही. दगदग अंतरापेक्षा वेगाने वाढते. मग दोऱ्याऐवजी स्प्रिंग घ्यायला हवी. हुकचा नियम तुम्हाला ठाऊक आहे: स्प्रिंग जितकी जास्त ताणावी तितकी ती जोराने मागे ओढते. दोन सारख्या स्प्रिंगांमध्ये बांधलेली गाठ ठेवाल तिथे राहत नाही. ती बरोबर मध्ये येते. गणिताच्या भाषेत सांगायचे तर स्प्रिंग अंतरांची बेरीज कमी करत नाही, अंतरांच्या वर्गांची बेरीज कमी करते.

तीच चार गावे पुन्हा घ्या. पनवेलला ४५ चा वर्ग २,०२५ आणि ६५ चा वर्ग ४,२२५, एकूण ६,२५०. पेणला ८० आणि ३० यांच्या वर्गांची बेरीज ७,३००. अलिबागला किंवा मुंबईला तर १२,१००! आता फरक दिसू लागला. सर्वांत कमी बेरीज कुठे येईल? बरोबर ५५ कि.मी.वर: ६,०५०. पनवेलच्या पुढे दहा कि.मी.वर काय आहे, नकाशात पाहा. तिथे कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य आहे. मध्यबिंदू काढणे सोपे, तिथे बिऱ्हाड करायला पक्षीच हवे! तेव्हा त्यातल्या त्यात जवळचे पनवेल.

आणि बाबा दोनच दिवस जात असतील तर? स्प्रिंगांची ताकद २ आणि ५. इथे मात्र माझ्या विद्यार्थ्यांचा तरफेचा नियम बरोबर येतो, कारण स्प्रिंगांचे उत्तर म्हणजे गुरुत्वमध्यच. ११० चे दोन-सप्तमांश म्हणजे सुमारे ३१. अलिबागपासून ३१ कि.मी. म्हणजे जवळजवळ पेण. दोऱ्याने घर अलिबागेत टाकले होते. स्प्रिंगने हलक्या बाजूचे थोडे ऐकले आणि ते पेणला आणले. माणसे तीच, फेऱ्या त्याच. मोजायची पट्टी बदलली, गाव बदलले.

नकाशाला भोके पाडा

आता समुद्र पुन्हा आणू. मुंबई आणि अलिबाग यांच्यात फक्त रस्ता नाही, पाणीही आहे. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला लाँच आणि कॅटमरान सुटतात आणि मांडव्याहून अलिबाग रस्त्याने वीस कि.मी.च्या आत आहे. ही वाट रस्त्यापेक्षा पट्टीने ओढलेल्या सरळ रेषेशी पुष्कळ जुळते. म्हणून पुढचा प्रयोग सरळ रेषांचा करू. तो घरी करण्यासारखा आहे.

एका जाड पुठ्ठ्यावर किंवा प्लायवुडवर नकाशा चिकटवा. मुंबई, अलिबाग आणि पेण या तीन ठिकाणी भोके पाडा. भोकांच्या कडांवर मेणबत्ती घासा, नाहीतर घर्षण सगळे उत्तर बिघडवील. तीन दोरे एका गाठीत बांधा, प्रत्येक दोरा एकेका भोकातून खाली सोडा आणि टोकाला सारख्या वजनाच्या वाळूच्या पुरचुंड्या बांधा. फळी दोन खुर्च्यांवर आडवी ठेवा. गाठ बोटाने हलकेच हलवून सोडून द्या. ती एका जागी येऊन थांबेल. हलवा, पुन्हा तिथेच येईल.

ती जागा तिन्ही अंतरांची बेरीज कमीत कमी करणारी असते. का, ते पाहा. वजनांना जितके खाली जाता येईल तितके ती जातात. दोऱ्याची लांबी ठरलेली आहे; जितका दोरा फळीखाली लोंबेल, तितका फळीवर कमी उरेल. वजने जास्तीत जास्त खाली गेली म्हणजे फळीवरचा दोरा कमीत कमी झाला. गुरुत्वाकर्षणाने तुमच्यासाठी गणित सोडवून दिले, तेही कागद-पेन्सिल न घेता!

वजने सारखी असतील तर गाठीपाशी कोनमापक धरा. तिन्ही दोऱ्यांमधले कोन १२० अंशांचे भरतील. तीन सारखी बले समतोलात राहायची तर दुसरा मार्गच नाही. हा प्रश्न सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने घातला आणि इटलीच्या तोरिचेल्लीने सोडवला. होय, तोच पाऱ्याच्या वायुभारमापकाचा तोरिचेल्ली. दोरे आणि वजने यांचे साधन व्हॅरिन्यों या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाते. १९०९ साली आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने कारखाना कुठे काढावा यावर पुस्तक लिहिले, तेव्हा कच्चा माल, कोळसा आणि बाजारपेठ यांची ओढ दाखवायला हेच साधन त्यात वापरले गेले. कारखान्यासाठी चालते, मग घरासाठी का चालू नये?

आपल्या कुटुंबासाठी वजने सारखी नाहीत. मुंबईला ५, अलिबागला ५ आणि पेणला १ पुरचुंडी बांधा. दोन जड दोरे जवळजवळ एका रेषेत येतील; त्यांच्यातला कोन सुमारे १६८ अंश भरेल. आजीचा दोरा गाठीला त्या रेषेतून किंचित जमिनीकडे ओढून घेईल. गाठ थांबेल ती अलिबागच्या उत्तरेला आठ-नऊ कि.मी.वर, किहीम-चोंढीच्या आसपास. चोंढी हे अलिबाग-मांडवा रस्त्यावरचे गाव. रस्त्याच्या हिशेबात ते आपल्या यादीतही नव्हते.

पावसाळा

पण माणूस कि.मी. मोजत नाही, घड्याळ मोजतो. प्रकाशाचा किरण पाण्यात शिरताना का वाकतो, याचे उत्तर याच फर्माने दिले होते: किरण कमी अंतराची नव्हे, कमी वेळाची वाट धरतो. तेव्हा आपणही मिनिटे घेऊ. पुढचे आकडे मी हिशेबापुरते धरले आहेत. तुमच्या घरचे तुम्ही घड्याळ लावून काढा, थांबा आणि पायपीट धरून.

पनवेलहून बाबांना १०० मिनिटे, आईला १३०. पेणहून बाबांना १५०, आईला ६०. अलिबागहून बाबांना लाँचने १२०, आईला चालत १०. चोंढीहून बाबांना १००, आईला २५. समुद्राची वाट खुली असताना चोंढी आणि अलिबाग यांच्या तुलनेत बाकीची गावे फिकी पडतात.

मात्र समुद्र बारा महिने खुला नसतो. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद ठेवतात. ते दिवस वर्षाचा पाव भाग धरू. तेव्हा बाबांना रस्त्याने वळसा घालून जावे लागेल: अलिबागहून २२० मिनिटे, चोंढीहून २४०. म्हणजे जाऊन-येऊन आठ तास! पेण आणि पनवेल यांना लाँचशी देणेघेणे नाही, त्यांचे आकडे तेच राहतात.

आता तीन पट्ट्या लावा. पहिली दोऱ्याची, म्हणजे वर्षाच्या सरासरी मिनिटांची बेरीज. अलिबागला बाबांची सरासरी १४५ आणि आईचे १०, मिळून १५५. चोंढीला १३५ आणि २५, मिळून १६०. पेणला २१०, पनवेलला २३०. पहिला नंबर अलिबागचा. दुसरी स्प्रिंगची: तासांचे वर्ग करून सरासरी घ्यायची. चोंढी ६.३, अलिबाग ६.४, पेण ७.३, पनवेल ७.५. इथे चोंढी केसभर पुढे. तिसरी पट्टी अशी की सर्वांत वाईट दिवशी सर्वांत जास्त त्रास होणाऱ्या माणसाला किती वेळ लागतो, ते पाहायचे. चोंढीला २४०, अलिबागला २२०, पेणला १५०, पनवेलला १३०. या पट्टीने पनवेल, जे पहिल्या दोन्ही पट्ट्यांत शेवटचे होते! तीन पट्ट्या, तीन गावे. यातली कोणतीच पट्टी चुकीची नाही. कोणती लावायची, हे मात्र निसर्ग सांगत नाही. ते घरात बसून ठरवावे लागते.

मला विचाराल तर एकट्या बेरजेच्या पट्टीवर माझा विश्वास नाही. अलिबागचे १५५ किती आकर्षक दिसतात! पण त्यातली १४५ मिनिटे एकाच माणसाच्या खांद्यावर आहेत, हे त्या आकड्यात दिसत नाही. उलटी बाजूही बघा. पुष्कळ घरांत बाबांच्या मिनिटाचे वजन पगारावरून ठरते आणि घर मुंबईच्या बाजूला सरकते. मग अलिबागची एस.टी. आईच्या वाट्याला. त्यातही एक मेख आहे. बाबा घरी आले की त्यांचा दिवस संपतो, आईला मात्र पोहोचल्या पोहोचल्या कुकर लावायचा असतो. तिच्या एका मिनिटाला बाबांच्या मिनिटाइतकेच वजन द्यायचे का? हा आकडा मी घालणार नाही. पण तो घालायचाच नाही असे ठरवले, तरी तुम्ही वजन दिलेलेच असते, एकास एक.

सातवीतल्या मुलीची पुरचुंडी तर आपण फळीवर टांगलीच नाही. तिची शाळा घराबरोबर हलते, म्हणून तिचा दोरा कुठल्याही भोकातून जात नाही. तिच्यासाठी वेगळा प्रश्न विचारावा लागेल: संध्याकाळी पहिले माणूस घरी किती वाजता येते? पनवेलला दोघांपैकी लवकर येणारे बाबा १०० मिनिटांवर आहेत. पेणला आई एका तासावर, शिवाय आजी दाराशी. अलिबागेत आई दहा मिनिटांवर. ही चौथी पट्टी झाली आणि तीत पेणचा भाव एकदम वाढतो.

चेझारे मार्केट्टी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये एक निबंध लिहिला. जुन्या काळचा पायी चालणारा गावकरी घ्या की मोटारीतून फिरणारा शहरवासी, माणूस दिवसाकाठी सुमारे एक तास प्रवासात घालवतो, असे त्याचे म्हणणे होते. वाहन वेगवान झाले की माणूस वेळ वाचवत नाही, लांब राहायला जातो. आपल्या कुटुंबात बाबांचा दिवसाचा प्रवास सगळ्यांत सोयीच्या गावाहूनही तीन तासांच्या वर आहे, हे या एका तासाशेजारी ठेवून पाहा.

दोन विरुद्ध ओढींमध्ये जागा शोधण्याचे काम अलिबागने पूर्वीही केलेले आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे एकोणिसाव्या शतकापासून चालत होती. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असे ठरले आणि त्यांच्या विद्युतप्रवाहाने नाजूक उपकरणे बिघडतील हे उघड झाले. ट्रामपासून लांब जायचे, पण जुन्या नोंदींची साखळी तुटेल इतके लांब नाही! नानाभाई मूस तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते. अलिबागची निवड झाली आणि १९०४ मध्ये तिथे वेधशाळा उभी राहिली. पुढे १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे घेतली, म्हणजे नव्या जागेचे आकडे जुन्याशी जुळवता आले. जागा बदलण्याआधी काही दिवस दोन्हीकडची नोंद ठेवण्याची ही पद्धत घर बदलणाऱ्यांनीही उचलण्यासारखी आहे. जुलैत एकदा आणि जानेवारीत एकदा प्रवास करून पाहिल्याशिवाय भाडेकरारावर सही करू नये.

आणि नकाशाही स्थिर नाही. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी मोठी रो-रो बोट सुरू झाली. ती मोटारीही नेते आणि समुद्र शांत असेल तर पावसाळ्यातही चालते. ती रोज मिळते असे धरून चोंढीचे पावसाळी २४० काढून तिथे १५० घाला. बाबांची सरासरी ११२ वर येते. मात्र ‘समुद्र शांत असेल तर’ हे शब्द पुसू नका. बोट निघणार की नाही हे सकाळी कळणार असेल, तर त्या अनिश्चिततेचीही किंमत असते. बँकेची हजेरी वादळाला ओळखत नाही. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी आणि न्हावा-शेवा यांना जोडणारा २१.८ कि.मी.चा अटल सेतू खुला झाला, त्याच सुमारास उरणपर्यंत लोकलही पोहोचली. पेणहून मोटारीने मुंबईला जाणाऱ्यांची वाट पुलाने आखूड केली. दुचाकीला त्या पुलावर बंदी आहे, तेव्हा स्कूटरवाल्यांच्या नकाशात तो पूल नाहीच! एकाच घरातल्या दोघांसाठी नकाशा वेगळा असू शकतो, तो असा.

आता तुमच्यासाठी एक प्रश्न. फक्त रस्त्याचा नकाशा घ्या: मुंबई ५, पेण १, अलिबाग ५. गाठ पेणला आहे. आईची बदली अलिबागहून मुरूडला झाली, रस्ता अलिबागवरूनच जातो आणि आईच्या बाजूला आणखी सुमारे ५० कि.मी. वाढले, असे समजा. दोऱ्याची गाठ पेणपासून किती सरकेल? स्प्रिंगची किती सरकेल? स्प्रिंगच्या हिशेबात आजीचीही एक ताकदीची स्प्रिंग धरायला विसरू नका. आधी उत्तराचा अंदाज कागदावर लिहा, मग हिशेब करा. दोऱ्याचे उत्तर शून्य आले तर चकित होऊ नका. ते शून्य का येते हे स्वतःच्या शब्दांत लिहा आणि ज्यांना रोज प्रवास करावा लागतो त्यांना वाचून दाखवा.